लाल टोपीच्या खाली

हार्लेम, १२ एप्रिल १६६८

फ्लोरिस,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणूस आधी तेच शोधतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. बाबा आहेत, बरे आहेत. मी आहे. ट्राइनसुद्धा आहे आणि अजून स्वयंपाकघरात बसून सगळ्या घरावर ओरडते.

तुझा पत्ता विब्रांट तांडेलाने दिला. तो धान्याचं गलबत घेऊन डान्झिगला येत-जात असतो. म्हणाला, "तुझा भाऊ तिथे सरदारांच्या गाड्यांवर सिंह नि गरुड रंगवतो. लग्न झालंय. पोट सुटलंय." पोट सुटल्याचं ऐकून मला फार बरं वाटलं. इथून गेलास तेव्हा तुझ्या बरगड्या मोजता येत होत्या.

घर तसंच आहे. फक्त भिंतींवरचे बाबा वाढले आहेत. तू गेल्यावरही दरसाल एक, कधी दोन. जिन्यात बाबा, माळ्यावर बाबा, माझ्या पलंगाच्या डोक्याशी बाबा. पिसांची टोपी घातलेले तरुण बाबा, चिलखत उसनं आणून शिपाई झालेले बाबा, आता चष्मा लावलेले म्हातारे बाबा. ट्राइन म्हणते, "एवढ्या मालकांची धूळ झटकायची म्हणजे एका मोलकरणीचं काम नाही." बाबांचं उत्तर तुला माहीतच आहे: "हा नमुना फुकट बसतो, जांभया देत नाही आणि चित्र बघून नाक मुरडत नाही."

मागणी मात्र कशालाच नाही. लोकांना आता साटिनचे झगे हवेत, असे गुळगुळीत की नजर घसरून पडावी. कोपऱ्यावरची मासेवाली बाबांचं चित्र बघून मला म्हणाली, "अगं, याला तर खवले आहेत. सुरीने साफ करून देऊ का?" बाबा हसले. पण त्या दिवशी जेवले नाहीत.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात ॲम्स्टरडॅमहून कोलाइन नावाचा चित्रांचा दलाल आला. घोड्याने ओढायच्या नावेतून आला होता आणि नावेतली सगळी थंडी त्याच्या नाकात जमली होती. शिंकत शिंकत म्हणाला, "लेनार्ट्स मास्तर, इटलीत एक मोठे गृहस्थ आहेत. देशोदेशीच्या चित्रकारांनी स्वतः काढलेले स्वतःचे चेहरे ते जमवतात. त्यासाठी वेगळं दालन केलंय."

बाबा म्हणाले, "दालनात जेवण मिळतं का?"

"कीर्ती मिळते, मास्तर."

"ती आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत चालत नाही."

बोलले असे, पण पॅलेट ठेवून त्यांनी टोपी सरळ केली. मी ओळखलं, ते खूश झाले होते. तोबियास लेनार्ट्स हे नाव हार्लेमच्या वेशीबाहेर कोणी घेतलेलं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

कोलाइनने सगळी चित्रं उजेडात आणवली. एकेकापुढे उभा राहिला, एकेकापुढे शिंकला. शेवटी माळ्यावरून मी एक रंगवलेली फळी आणली, तिच्यापुढे मात्र तो शिंकायचं विसरला. म्हणाला, "हे. बाकी सगळ्यांत एक माणूस चित्र काढतोय. यात नुसता माणूस आहे."

ते लाल टोपीचं चित्र होतं.

फ्लोरिस, त्या फळीवर आधी काय होतं ते फक्त या घरातल्यांना माहीत. आई गेल्यानंतर बाबांनी काढलेलं आईचं चित्र. हिरवं जाकीट, हात मांडीवर, ओठ मिटलेले. रोज झोपण्याआधी तू स्टुलावर चढून तिच्या गालाला ओठ लावायचास आणि मी तुला धरून ठेवायची. मग तू सात वर्षांचा असताना एके दिवशी शाळेतून आलास, धावत वर गेलास, आणि तिच्या जागी बाबा बसले होते, ओल्या रंगाच्या लाल टोपीत. तू किंचाळलास तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांच्याच हाताखाली तू चित्रकला शिकलास, एकवीस वर्षांचा झालास, आणि घर सोडताना जिन्यात उभा राहून म्हणालास, "तुम्ही आईवरसुद्धा स्वतःलाच रंगवलंत."

बाबांनी कोलाइनला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "हेस्टर ठरवेल," एवढंच. मी म्हटलं, "मला माझ्या भावाला विचारावं लागेल." कोलाइन म्हणाला, "मास्तरांना मुलगा आहे?" बाबा खिडकीतून कालव्याकडे बघत राहिले.

तर विचारते. जाऊ द्यायचं का ते चित्र?

हेस्टर


हार्लेम, ९ जुलै १६६८

फ्लोरिस,

तुझं पत्र विब्रांटने हातात दिलं तेव्हा ते तापलेल्या तव्यासारखं धरून मी घरी आले. "त्या माणसाला खरवडून काढ आणि माझी आई मला पाठव." आणि खाली पानभर कृती. कोणतं तेल, किती टर्पेंटाइन, कापसाचा बोळा कसा फिरवायचा, सुरी कधी लावायची आणि कधी मुळीच लावायची नाही. एवढ्या रागातही कृतीत एक चूक नाही. ज्याने शिकवलं त्याचा हात दिसला मला त्यात. हे वाचून तुला संताप येईल, येऊ दे.

मागच्या वेळी बाबा बरे आहेत म्हणून लिहिलं, ते तितकंसं खरं नव्हतं. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. डाव्याने मधलं दिसत नाही, कडा दिसतात. पायांना सूज आहे. तू दयेपोटी काही लिहावंस हे मला नको होतं, म्हणून लपवलं.

मी तुझं ऐकलं. बाबा दुपारचे झोपले होते, ट्राइन मासळीबाजारात गेली होती. फळी खिडकीशी घेतली आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोळा फिरवायला लागले. बाबांच्या कोटाचा तपकिरी रंग बोळ्यावर आला. आणखी थोडा आला. मग त्याखालून हिरवं दिसलं. आईची बाही. फ्लोरिस, जमिनीवर बसून मी त्या बोटभर हिरव्याकडे बघत राहिले.

मागून बाबा म्हणाले, "कोपऱ्यापासून सुरुवात केलीस. चांगलं केलंस."

टर्पेंटाइनच्या वासाने त्यांना जाग आली होती. भिंत चाचपत आले होते. मला वाटलं, आता ओरडतील. ते स्टूल शोधून बसले.

मी म्हटलं, "फ्लोरिसने सांगितलं तसं करतेय."

"मग बरोबरच सांगितलं असेल."

"आई आहे खाली. बाही दिसतेय."

"बाही तिचीच. जाकीट समोर टांगून काढली होती. त्या जाकिटावरचा चेहरा तिचा नाही, पोरी."

 ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता, जसे रंग कालवताना बोलायचे.

"लाइसबेट जिवंत असताना मी तिला एकदाही काढली नाही. ती म्हणायची, अहो, सगळ्या गावाला काढता, मला काढा की एकदा. मी म्हणायचो, उद्या. वेळ मिळाला की आरसा समोर असायचा आणि मी आरशात असायचो. ती तापाने चार दिवसांत गेली. मग बसलो काढायला. कपाळ जमलं. नाक जमलं. रोज थोडं सुधारायचो आणि रोज ती थोडी लांब जायची. तरी ठेवलं, तुम्हाला काहीतरी असावं म्हणून. तुम्ही दोघं रोज त्या बाईचा पापा घेऊन झोपायला जायचात. आणि एक दिवस फ्लोरिस ट्राइनला सांगताना मी ऐकलं, माझी आई हसते तेव्हा तिचे दात दिसत नाहीत."

बाबांनी स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं.

"अगं, तिचे दात दिसायचे! पुढच्या दोन दातांत फट होती. ती हसायला लागली की आधी ती फट दिसायची आणि मग बाकीचं हसू यायचं. पोरगा ते विसरला होता. मी विसरायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी झाकून टाकली."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचं होतंत त्याला."

"सात वर्षांच्या पोराला काय सांगू? तुझी आई मला जमली नाही?"

"आणि तो एकवीस वर्षांचा झाल्यावर?"

"तेव्हा त्याने विचारलं नाही. ओरडला."

"तुम्हीही ओरडलात."

"मीही ओरडलो," बाबा म्हणाले. टर्पेंटाइनची बाटली चाचपून तिला बूच लावलं. उठताना म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून ठरवा. खरवडलंत तरी माझी तक्रार नाही. मनात एवढंच होतं की आयुष्यभर हार्लेम सोडलं नाही, निदान तोंड तरी एकदा बाहेर जाऊन यावं."

मी बोळा ठेवून दिला आहे. पुढे माझा हात चालत नाही. त्या दिवसापासून मी एकच प्रयत्न करते आहे: आईच्या दातांतली फट आठवायचा. आठवत नाही रे. ती गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, मला आठवायला हवी. डोळे मिटले की ओठ मिटलेली तीच बाई येते, फळीवरची.

तुला आठवते का?

हेस्टर


हार्लेम, २ ऑक्टोबर १६६८

फ्लोरिस,

तुझं उत्तर नाही. विब्रांट म्हणाला, "पत्र त्याच्या हातात दिलं, त्याने उभ्यानेच वाचलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं." बरं. दार लावलंस तरी पत्र खालच्या फटीतून सरकवता येतं. हिवाळ्यात तुमच्याकडचा समुद्र गोठला की मग तेही जमणार नाही, म्हणून हे मोठं लिहिते.

बाबा आता रंगवत नाहीत. ब्रश धुऊन, पुसून, तेलाचा हात लावून ठेवून दिले. संध्याकाळी आम्ही तिघं चुलीशी बसतो, ट्राइन जळणाच्या पीटच्या विटा टाकते, आणि मी विचारते, "आई कशी होती?" पहिल्या दिवशी त्यांना दोन वाक्यांपुढे जाता येईना. आता थांबवावं लागतं.

तुला माहीत होतं का, की ती गावाबाहेरच्या कुरणांवर कापड पांढरं करायच्या कामाला होती? टेकड्यांपर्यंत गवतावर तागाची ठाणं पसरलेली, आणि या पोरी अनवाणी पायांनी त्यांच्यावर पाणी शिंपत धावायच्या. कापड ताकात बुडवायचं असे, म्हणून तिच्या हातांना कायम आंबूस वास. बाबा म्हणाले, "लग्नात मी तिला लव्हेंडरचं पाणी दिलं. तिने ते कोंबड्यांच्या खुराड्यात शिंपडलं. म्हणाली, कोंबड्यांना जास्त गरज आहे."

त्यांची भेट बर्फावर झाली. नदी गोठली होती. बाबा एका कडेला उभे राहून लोकांची चित्रं काढत होते. ही वेगात आली आणि थेट त्यांच्यावर आदळली. कागद उडाले. बाबा म्हणाले, "मी तिला उठवलं." ट्राइन भांडी घासता घासता गरजली, "मालक, पोरीला खोटं सांगू नका. तिने तुम्हाला उठवलं. आणि मागणीही तिनेच घातली. तुम्ही तर तोंडाला कुलूप लावून बसला होतात!"

"मी विचार करत होतो."

"विचार करता करता दुसरा कोणी घेऊन गेला असता तिला!"

बाबा इतके हसले की ठसका लागला.

ती सोंगट्या खेळताना लबाडी करायची. पकडली गेली की डाव उधळून उठायची आणि म्हणायची, "चला, जेवायला वाढते." शेजाऱ्यांना तिने नावं ठेवली होती, नोटरीला ती 'ओली सतरंजी' म्हणायची, आणि एकदा बाबांच्या तोंडून त्याच्यासमोरच ते नाव निघालं. गायला तिला फार आवडायचं, सूर मात्र कधी सापडला नाही. पोटाशी तुला घेऊन बदकांचं गाणं म्हणायची आणि म्हणे तू रडायचास, ते भुकेने नव्हे.

आणि मग, फ्लोरिस, काल एक गोष्ट झाली. मी ताकातली पेज ढवळत होते. उतू गेली, हातावर आली, मी बोट तोंडात घातलं. आणि एकदम आठवलं, ती अंगठ्याला थुंकी लावून माझ्या गालावरचा डाग पुसायची. जोरात. मी तोंड फिरवायची आणि ती हनुवटी धरून परत वळवायची. तिच्या अंगठ्याला हाच वास होता. चेहरा अजून दिसत नाही, पण हनुवटीवर ती पकड होती, खरीखुरी. मी तशीच उभी राहिले आणि पेज करपली. ट्राइनने मला करपलेली पेज संपवायला लावली.

तुला यातलं काय हवं, काय नको, मला कळत नाही. सगळंच पाठवते.

कोलाइन थांबायला तयार आहे. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. खालचा हिरवा कोपरा तसाच उघडा आहे.

हेस्टर


हार्लेम, ६ मार्च १६६९

फ्लोरिस,

बाबा गेले. वीस फेब्रुवारीला, दुपारी. हे पत्र पहिल्या गलबताने येईल, म्हणजे तुला कळेल तेव्हा इथे बर्फ वितळून शेतं हिरवी झालेली असतील. तसं कळणं मला बरं वाटत नाही, पण समुद्र माझं ऐकत नाही.

त्यांना त्रास झाला नाही. उत्तरेच्या खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी चादरी शिवत होते. त्यांनी विचारलं, "आज उजेड कसा आहे?" मी म्हटलं, "छान आहे, बाबा. बर्फामुळे खालूनही येतोय." म्हणाले, "मग वाया घालवू नकोस." मी सुईत दोरा ओवला, वर पाहिलं, तर ते गेले होते.

मोठ्या चर्चमध्ये पुरलं, आईच्या शेजारी. चित्रकारांच्या मंडळाने खांदा दिला. जे कोणी त्यांच्या खडबडीत रंगाला हसायचे तेही आले, काळे झगे घालून, अगदी गुळगुळीत चेहऱ्यांनी.

पण हे वाच. तुझं ते नोव्हेंबरातलं पत्र, शेवटच्या गलबताने आलेलं, त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. एकच ओळ होती त्यात. "ताई, त्यांना विचार, आई बदकांचं कोणतं गाणं म्हणायची." मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. म्हणाले, "त्याने विचारलं? मला विचारलं?" मी म्हटलं, "हो, तुम्हालाच विचारलंय." मग ते खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला आणि गायले. आई जशी बेसूर म्हणायची अगदी तसं बेसूर. ट्राइन दारात उभी राहून ॲप्रनने डोळे पुसत म्हणाली, "हुबेहूब, मालक, हुबेहूब. देवा, किती वाईट!"

शब्द असे:

बदकांनो, घरी चला, पाणी झालं काळं,
एक राहिलं मागे त्याचं ओलं झालं बाळं.

याला अर्थ नाही. बाबा म्हणाले, असलाच तर तो फक्त तिला ठाऊक होता.

त्यानंतर रोज विचारायचे, बर्फ सुटलं का, तुझ्याकडे गलबत निघालं का.

फळीला मी हात लावलेला नाही. त्यांनी दोघांवर सोपवलं आहे आणि मी एकटी ठरवणार नाही. खरवडायची असेल तर तुझी सुरी घेऊन ये. तसं नसेल तरी ये.

हेस्टर


हार्लेम, २४ जून १६६९

फ्लोरिस,

तू सुखरूप पोहोचला असशील. घर एकदम मोठं झालंय. ट्राइन अजून सवयीने तीन वाट्या मांडते आणि मग मलाच रागावते.

तू इथे होतास तेव्हा आपण फार बोललो नाही. तू काम करत होतास आणि तुझ्या मागे बसून मी बघत होते. तुला तुझी पाठ दिसत नव्हती, मला दिसत होती. म्हणून लिहिते.

तू आलास ती सुऱ्यांची गुंडाळी काखेत घेऊनच. ट्राइनच्या गळ्यात पडलास, माझ्या कपाळाला ओठ टेकवलेस आणि सरळ वर गेलास. चित्र सरळ केलंस. मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, आता हा काय करेल ते मी थांबवणार नाही. तू बराच वेळ पाहिलंस. मग इतका जवळ गेलास की नाक लागावं. आणि म्हणालास, "हा गाल त्यांनी कशाने केलाय? ब्रशने नाही. अंगठ्याने?" तो माझ्या भावाचा आवाज नव्हता. एक चित्रकार विचारत होता.

दुसऱ्या दिवशी तू सुतारांकडून तशीच ओकची फळी आणलीस. बाबांचे ब्रश सोडलेस, त्यांच्या खलात रंग घोटलास. सुऱ्या गुंडाळीतच राहिल्या. जो चेहरा पुसायला आलास तोच तू केसागणिक नव्याने करायला बसलास. लाल टोपी झाली, गाल झाला, अंगठ्यानेच. तू मधेच पुटपुटायचास, "थेरड्या, हे कसं जमवलंस?" आणि मला हसू यायचं, कारण त्या शिवीत आठ वर्षांत पहिल्यांदा लाड होता.

मग डोळ्यांशी अडलास. काढायचास, पुसायचास. सारखं पुसून फळी तिथे तुकतुकीत झाली. शेवटी ब्रश टाकून म्हणालास, "ताई, हे आरशात बघत नाहीत. स्वतःला बघणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात. मी शंभरदा काढलेत. हे कोणाकडे तरी बघतायत."

ते मला ठाऊक होतं. हिवाळ्यात मी बाबांना विचारलं होतं, की इतक्या चित्रांतून कोलाइनने हेच का उचललं. ते म्हणाले होते, "त्या दिवशी मी आरसा भिंतीकडे फिरवला होता. माझं तोंड मला पाठ आहे. मी तिच्याकडे बघत होतो. शेवटचा तुकडा झाकला जाईपर्यंत बघत होतो." हे मी तुला पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, म्हातारा सारवासारव करतोय. मला वाटलं, याचा स्वतःचा डोळा तयार आहे, त्याला दिसेल. दिसलं.

मी सांगितल्यावर तू बाहेर पडलास. कुरणांवर गेला होतास ना? बुटांना ओलं गवत चिकटलं होतं. सकाळी उठून एका बैठकीत डोळे केलेस.

आणि मग मूळ चित्रापुढे बसलास. तो उघडा कोपरा. ती हिरवी बाही. तू तिच्यावर बोट ठेवलंस, मला वाटतं, दोन वेळा प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ. मग तपकिरी कालवलास आणि झाकलंस. तुझ्या हाताने. कुठून कुठे लावलंय ते आता कोलाइनलासुद्धा सापडलं नाही. काल त्याने चित्र नेलं. म्हणाला, पावसाळी वारे सुरू व्हायच्या आत ते इटलीला पोहोचेल. मी पेटीवर हात ठेवून म्हटलं, "जा, बाबा, फिरून या." तो शिंकला.

आता एक राहिलं. तुला ॲम्स्टरडॅमच्या धक्क्यावर सोडायला आले तेव्हा तू म्हणालास, "ताई, तू निघ, नाव चुकेल." मी निघाले आणि हेरिंग माशांच्या पिंपांमागे उभी राहिले. तू दिसेनासा होईपर्यंत मला जायचं नव्हतं.

हमाल तुझं लाकडी खोकं उचलत होता. म्हणाला, "काय आहे हो आत? काच?"

तू म्हणालास, "माझे बाबा."

त्याने खोकं असं खाली ठेवलं जणू ते चावलं! "तांडेल! अहो तांडेल! हा माणूस बापाला घेऊन चाललाय!" विब्रांट धावत आला. "फ्लोरिस, आपली दोस्ती एका बाजूला, पण मढं नको रे गलबतावर. वारा पडतो. माझे लोक चढणार नाहीत." आणि तू हसायला लागलास. पोट धरून, वाकून. हसत हसतच खिळे उपटलेस आणि झाकण काढलंस.

सगळे खलाशी गोळा झाले. कोणीतरी टोपी काढली. तो म्हातारा खलाशी, कानात बाळी घातलेला, वाकून बघत म्हणाला, "मेलेला कसला? हा तर बघतोय."

"खरंच की," विब्रांट म्हणाला. "पण आपल्याकडे नाही बघत. कोणाकडे बघतोय रे हा?"

तू झाकण हातात घेऊन उभा होतास. म्हणालास, "माझ्या आईकडे."

एवढं ऐकलं आणि मी वळले. माझी नाव केव्हाच गेली होती. हार्लेमपर्यंत चालत आले.

तुझी,
हेस्टर